ओट्यावरची घोंगडी

२००१च्या उन्हाळ्यात खून झालेल्या प्रत्येक घराच्या ओट्यावर, पाहुण्याला अंथरतात तशी काळी घोंगडी सापडली होती. न्हावरे गावच्या गेणबाच्या ओट्यावरही. शिरूरच्या कोठडीतला आरोपी बाकीचे सगळे खून कबूल करायचा, गेणबाचा मात्र नाही. फौजदार म्हणून विचारून विचारून मी थकलो होतो.

“घोंगडी तुझीच ना? मग गेणबाही तुझाच,” मी म्हणालो.

“न्हाई, सायेब. घोंगडी माझी कवाच नव्हती.” तोही दमला होता. “जिथं ती अंथरलेली दिसायची, त्याच घरात मी शिरायचो. गेणबाकडं माझ्या आधीच कुणीतरी शिरलं हुतं.”

भर उन्हात दौंडला घरी आलो. दारात बूट काढत होतो, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, “अहो, ओट्यावर घोंगडी कुणासाठी अंथरलीत?”