पूरक विषय

मृणालीने ईशानीला शाळेत घातलेच नव्हते. धुळ्याच्या देवपुरातल्या घरी ती लेकीला स्वतःच शिकवी, आणि यंदा त्या अभ्यासाला पूरक म्हणून काय जोडावे, हे दोघी मिळून निवडत होत्या. अबॅकस ठरले, रोबोटिक्सचा संच ठरला. फ्रेंचपाशी मात्र ईशानीने नाक मुरडले. "आई, आपल्या इकडचं काही नाही का गं?"

मृणालीला सासूबाई आठवल्या. साक्रीकडच्या खेड्यातून रुक्माबाई या घरी राहायला आल्या, तेव्हा ईशानी नुकती बोबडे बोलू लागली होती. पहिल्याच सकाळी मृणालीने हात जोडून सांगितले होते, "आई, हिच्यासमोर अहिराणी नको. हिची भाषा बिघडेल."

रुक्माबाईंनी नातीच्या गालावरून हात फिरवला होता. "बरं माय, आते नही बोलनार." अखेरच्या दिवसापर्यंत त्यांनी तो शब्द पाळला, आणि घरातली मराठी पाण्यासारखी नितळ राहिली.

मृणालीने फोनवर अहिराणीचा एक वर्ग शोधला आणि त्यातला नमुना लावला.

"ये व माय, आठे बठ," एका म्हातारीचा मायाळू आवाज म्हणाला. गेल्या वर्षी वारलेल्या सासूबाईच स्वयंपाकघरातून हाक मारत आहेत असे वाटून मृणालीच्या अंगावर काटा आला.

"अश्शीच बोलायची तुझी आजी," ती कशीबशी म्हणाली.

ईशानी चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिली.

 

"पण आई, आजी तर मुकी होती ना?"