विल्मरची बाजू

"रिकामं कोठार म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे," पाद्री विल्मर क्लासेन माइकसमोर म्हणाला, "कारण..." आणि तो थांबला.

कॅन्ससमधल्या त्या छोट्या कॉलेजचं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. विषय नेहमीचाच: विश्व शून्यातून आपोआप उपजलं असेल का? एका बाजूला पाद्री, दुसऱ्या बाजूला भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक ऑरिन टेट. गावोगावच्या व्यासपीठांवर दोघं वर्षानुवर्षं हेच भांडण भांडत आले होते. विल्मरचं पुढचं वाक्य ऑरिनला तोंडपाठ होतं. ते काही येईना.

विल्मरने समोरच्या माणसांकडे पाहिलं, मग छताकडे, मग ऑरिनकडे.

"ऑरिन, मी काय म्हणत होतो रे?"

लोक हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. ऑरिनला मात्र त्याचे डोळे दिसत होते. पहिल्या रांगेतून विल्मरची मुलगी जोलीन अर्धवट उठली होती. तिच्याआधी ऑरिन उठला आणि विल्मरच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"माझ्या मित्राचं म्हणणं असं," तो म्हणाला, "की कोठारात दाणा नसला तरी कोठार उभं असतं. भिंती असतात, छप्पर असतं. आम्ही शास्त्रज्ञ ज्याला शून्य म्हणतो, त्यातही नियम असतात. त्या नियमांच्या जोरावर आम्ही त्यातून विश्व काढून दाखवतो. पण खरोखरच काही नसेल, तर नियमही नसणार. काही घडायची मुभासुद्धा नसणार. मग पहिली हालचाल झालीच कशी?"

आजवर त्याने ही बाजू फक्त खोडून काढली होती. आज ती स्वतःच्या तोंडून ऐकताना चांगलीच भक्कम वाटली. विल्मर मान डोलावत होता, दुसऱ्या कुणाचं भाषण आवडावं तसा.

"आता तुमचं उत्तर, प्रोफेसर?" सूत्रसंचालक बाईंनी विचारलं.

उत्तर होतं. ऑरिनने ते दिलंही. न देणं म्हणजे विल्मरची कीव केल्यासारखं झालं असतं. पण ते देऊन झाल्यावर शेजारून नेहमीसारखं 'अरे जा रे!' असं कुणी म्हणालं नाही. टाळ्या पडल्या आणि सभा उठली.

बाहेर जोलीनने वडिलांना गाडीत बसवलं. विल्मरने काच खाली केली.

"कोण जिंकलं रे आज?"

"तू."

"थापा मारू नकोस." तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ऑरिन, तुझं ते 'काहीच नाही' आहे ना, ते हल्ली मधूनच येऊन जातं माझ्याकडे. त्यात अंधारसुद्धा नसतो रे. मीही नसतो."

"मग परत कसा येतोस?"

"मी कुठला येतोय! कुणीतरी हाक मारतं." त्याने बोट रोखलं. "हं, आता बोल. खोडून काढ हे."

ऑरिनने त्याचं ते रोखलेलं बोट हातात धरलं.

जोलीन त्याला जरा बाजूला घेऊन गेली. "ऑरिनकाका, हा शेवटचा कार्यक्रम. यापुढे नाही पाठवणार मी त्यांना."

"बरोबर आहे तुझं."

"दुपार कलली की ते फार हरवतात. तुम्ही फोन करत जाल?"

"मी काय बोलू? हवापाण्याच्या गप्पा मला जमत नाहीत."

"गप्पा नकोतच," ती म्हणाली. "भांडा त्यांच्याशी."

दुसऱ्या दिवशी ऑरिनने डब्यातलं सूप गरम केलं आणि बेसिनपाशी उभ्या उभ्याच खाल्लं. कालची सभा संपल्यापासून तो कुणाशी एक शब्द बोलला नव्हता. तसा तो एरवीही बोलत नसे. आज ते पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं. बाहेर वारा घराच्या पत्र्याला नुसता घासत होता. उन्हं उतरली तसा त्याने फोन जवळ ओढला आणि विल्मरचा नंबर फिरवला.

"हॅलो?" विल्मरचा आवाज आला.

"मी ऑरिन."

पलीकडे काहीच नाही.

"ऑरिन टेट."

"हो का," विल्मर म्हणाला. अनोळखी विक्रेत्याशी बोलावं तशा सभ्यपणाने. "बरं, बरं."

फोन ठेवून द्यावा, असं त्याला वाटलं. त्याने तो दुसऱ्या कानाला लावला.

"विल्मर," तो जोरात म्हणाला, "कालचं तुझं सगळं म्हणणं साफ चुकीचं होतं!"

पलीकडे फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. कुणीतरी तिच्यात ऐसपैस बसलं.

"कुठे चुकलं?" विल्मरने विचारलं.