डावीकडचा खिसा

“आई, काल मी मेले,” लेक हसत म्हणाली आणि अंगातलं जाकीट काढून कापायच्या टेबलावर टाकलं.

आत्याबाईंची कात्री थांबली. फौजेच्या शिवणखात्यातल्या नऊही बायका त्यांना आत्याबाईच म्हणत. वयाने मोठ्या होत्या त्यासुद्धा.

“अगं, सरावात! सगळीकडे धूर सोडलेला. मी जखमी म्हणून पडलेय. मित्रफौजेचा एक जवान धावत आला आणि माझ्या डाव्या बगलेखाली चाचपत बसला. पट्टी काही सापडेना. शेवटी पंचांनी माझ्या गळ्यात पांढरी चिठ्ठी अडकवली. खलास!”

जखमीला बांधायची पट्टी त्याच्याच खिशातून काढायची, हा दोन्ही फौजांचा नियम. पण आपला खिसा उजवीकडे, मित्रांचा डावीकडे. महिनाभर या एकाच खोलीत दोघांची जाकिटं शिवली जात होती. खिडकीकडची रांग आपली, दाराकडची त्यांची. दोन्ही रांगांनी आपापल्या नमुन्याचा कागद इंचाइंचाने पाळला आणि मान वळवून दुसरीकडे काही बघितलं नाही. आत्याबाईंनीही नाही. तेच त्यांना झोंबलं.

चाळीस जाकिटं दाराशी बांधून ठेवली होती. वीस आपली, वीस त्यांची. सीमेवरच्या पहिल्या एकत्र चौकीवर ती चारच्या ट्रकने जायची होती आणि बिनतारी संदेशाचं काम करायला लेकही त्याच ट्रकने. आपले कर्नलसाहेब आणि मित्रफौजेचा पाहुणा मेजर माल ताब्यात घ्यायला आले होते. सोबत दुभाषा. तीन वाजून गेले होते.

“सगळे खिसे एका बाजूला घेते,” आत्याबाई म्हणाल्या.

“तसं नाही चालत, आत्याबाई,” कर्नलसाहेब म्हणाले. “ दोन सरकारांचा मामला आहे. कागद वर जाईल, खाली येईल. आठवडा धरा.”

“ट्रक चारला आहे.”

“तोवर ज्याने त्याने आपापली माणसं सांभाळायची.”

“सीमेपलीकडचा गोळी घालताना विचारतो का, बाबा तू कुणाचा म्हणून?”

आत्याबाई दुभाष्याकडे वळल्या. “पाहुण्यांना सांग, डोळे बांधायचेत. जसंच्या तसं सांग, मध्ये साखर पेरू नकोस.”

अस्तराच्या पट्टीने त्यांनी मेजरचे डोळे बांधले. कर्नलसाहेबांना आपलं जाकीट घालून टेबलावर आडवं केलं आणि मोठ्याने आकडे म्हणायला लागल्या. मेजरचा हात डाव्या बगलेखालून हलेना. दहा झाले. मग उलटं केलं. मित्रांच्या जाकिटात मेजर आडवा, कर्नलसाहेब आंधळे. ते उजवीकडेच खणत राहिले. पुन्हा दहा.

“दोघंही गेले,” आत्याबाई म्हणाल्या. “आता सीमेवर कोण उभं राहणार? मी?”

रांगांमध्ये खसखस पिकली. कर्नलसाहेब टेबलावरून उतरून केस नीट करत म्हणाले, “मग त्यांचे उजवीकडे घ्या. आपला खिसा माझ्या वडिलांच्या वेळेपासून उजवीकडेच आहे.”

“ठाऊक आहे. तुमच्या वडिलांचा मीच शिवला होता.” आत्याबाईंनी आपल्या जाकिटांचं बोचकं ओढून गाठ सोडली. “माझ्या लेकीला धुरात शोधणारा हात यांचा आहे. त्या हाताची सवय मला तासाभरात मोडता येत नाही. खिसा हलवता येतो.”

“आणि आपल्या माणसांची सवय?”

“आपल्यांना मी ट्रकजवळ उभी राहून सांगेन. न ऐकून जातील कुठे?”

“वरून विचारणा झाली तर माझी नोकरी जाईल, आत्याबाई.”

“गेली तर इथे या. काजं करायला माणूस हवाच आहे.”

दुभाष्याने हे सगळं मेजरच्या कानात सांगितलं. शेवटचंही सांगितलं असावं, कारण मेजर हसला. मग त्याने कोट काढून खुर्चीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि टेबलावरचं ब्लेड उचलून उसवायला बसला. कर्नलसाहेबांनी घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि दुसरं ब्लेड मागितलं.

“साहेब, टाका कापा. कापड नाही.”

त्यानंतर कुणी फारसं बोललं नाही. दोघं उसवत होते, लेक खिसे डावीकडे टाचून देत होती, नऊ मशिनं एकदम धडधडत होती. शेवटचं जाकीट लेकीचं. ते आत्याबाईंनी कुणाला दिलं नाही. स्वतः मशीनवर बसून दुहेरी टीप मारली, दोरा दातांनी तोडला.

“घाल.”

लेकीने जाकीट चढवलं. आत्याबाईंनी डोळे गच्च मिटले आणि हात पुढे केला. हात सरळ डाव्या बगलेखाली गेला, झाकण उघडलं, पट्टी मुठीत आली. त्यांनी ती परत आत सारली आणि झाकणावर तळवा दाबून धरला. जरा जास्तच वेळ.

तेवढ्यात काचा थरथरल्या. पलीकडच्यांची विमानं रोज या वेळेला सीमेला घासून जात. सहा महिन्यांपूर्वी त्या आवाजाला बायका टेबलाखाली शिरायच्या. आज मेजर तेवढा छताकडे बघत होता. मशीन एकही थांबलं नाही.

आत्याबाईंनी डोळे उघडले.

“चार वाजले,” त्या म्हणाल्या. “पलीकडचे वेळेचे पक्के आहेत. नीघ, ट्रक चुकेल.”