लेकीची खोली

लेकीला परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळेत घातलं आणि फीचा आकडा बघून आमच्या तोंडचं पाणी पळालं. मग बायकोने शक्कल लढवली आणि लेकीला पत्ता लागू न देता तिची खोली भाड्याने दिली. आमच्या गल्लीतल्या आंतरराष्ट्रीय शाळेत शिकायला परदेशातून आलेली एक गोड पोरगी तिथे राहायला आली.

काल लेकीच्या पलंगावर बसून त्या पोरीने तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि आमची ओळख करून दिली.

"एवढी फी तुम्हाला झेपते कशी हो?" बायकोने फोन घेऊन पलंगापासून जरा लांब, दाराशी जात न राहवून विचारलं.

"कसली झेपतेय! हिची खोली भाड्याने दिलीय, पण हिला सांगू नका हं," असं कुजबुजत त्या माउलीने भाडेकरू दाखवायला फोन फिरवला.

.

.

त्या पोरीच्या पलंगावर लोळणारी आमची लेक किंचाळली, "बाबा! ही माझ्या पलंगावर काय करतेय?"