थर्मासमधलं गरम पाणी

"फिर नीचे आ गया," नर्स म्हणाली. "टू पॉइंट थ्री."

 पोटॅशियम हा शब्द आठवड्यापूर्वी रुकय्याला माहीतही नव्हता. आता अबुधाबीच्या ह्या हॉस्पिटलात ती दिवसभर तेवढा एकच आकडा विचारत होती. साडेतीनच्या वर गेला तर माणूस वाचला. असाच उतरत राहिला तर हृदय कधीही दगा देईल, असं डॉक्टरांनी काल तोंडावर सांगितलं होतं. सलाइनमधून पोटॅशियम चालू होतं. दुपारी आकडा चढायचा, सकाळी पुन्हा खाली. गळक्या बादलीत पाणी ओतल्यासारखं चाललं होतं सगळं.

तशी ती भित्री नव्हती. बावीस वर्षं गल्फमध्ये संसार केलेली बाई. पण तिचा नवरा अलीमियाँ, मुसफ्फाच्या गॅरेजमध्ये ट्रकचे टायर एकट्याने उचलणारा माणूस, परवा त्याला उशीवरून मान उचलवेना.  तेव्हापासून ती देवाचं नाव घेत होती आणि त्या चिनी सूपला शिव्या देत होती.

दोन महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये हेल्थ कॅम्प झाला. संशोधनवाले आले होते. चिनी वनौषधींची पावडर, रोज एक पाकीट, सूप करून प्यायचं. रक्तातली साखर आटोक्यात राहते का, ते त्यांना बघायचं होतं. अलीमियाँ खुशीत सही करून आला. फुजैराच्या भावाला फोन करून सांगत काय सुटला, "आपल्यावर रिसर्च चाललाय, हबीबी!" फॉर्म भरून घ्यायला घरी आलेली संपदा निघाली साताऱ्याची. मराठी ऐकून रुकय्याही विरघळली.

"दुसरं काही औषध चालू आहे का, भाभी?" संपदाने विचारलं होतं.

"साखरेची गोळी. बाकी काही नाही."

तेव्हा खरंच काही नव्हतं. पुढे महिन्याभराने एसीच्या गारठ्याने त्याला खोकला धरला आणि रुकय्याने काढा सुरू केला. सासूबाई मैमुनाबींनी दापोलीहून काड्यांची पुरचुंडी पाठवलेली होतीच. संपदा दर आठवड्याला फोन करायची. नवीन काही औषध? नाही गं बाई, काही नाही. आता घरच्या काढ्याला औषध कोण म्हणतं?

हॉस्पिटलात आणलं त्याच दिवशी पाकिटं बंद झाली. आज पाचवा दिवस, तरी आकडा उतरतोच आहे. म्हणजे ते विष अंगात मुरलंय, असं रुकय्याने धरलं. ते धुवून निघायला हवं. घरी ती दोन काड्या उकळायची, इथे मूठभर उकळून आणायला लागली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. नर्सने "बाहर का कुछ नहीं देना" असं बजावलं होतं, म्हणून थर्मास पलंगाच्या मागे. कोणी पाहिलाच तर, "गरम पानी है, सिस्टर." साखरेचा दाणाही न घालता काढा गोड लागायचा. तोंडाची चव गेलेला अलीमियाँ तेवढाच आवडीने प्यायचा.

आत्ताही नर्स बाहेर गेली तशी तिने त्याला पेलाभर पाजला. पेला त्याच्या हातातच होता, तेवढ्यात दार उघडून संपदा आत आली. चेहरा उतरलेला, हातात फाइल.

रुकय्याचा तोल सुटला. "आलात? माझा माणूस काय उंदीर वाटला तुम्हाला? हे गेले तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?" 

लेक यम्ना खिडकीशी मोबाइल घेऊन उभी होती. आरोग्य मंत्रालयाला पाठवायची तक्रार तिने लिहून ठेवली होती. "अम्मी, इट्स रेडी. शाल आय सेंड इट?"

"थांब जरा. हिच्यासमोरच पाठव."

संपदा खुर्चीवर बसली. चार दिवस तीही धड झोपली नव्हती, ते दिसत होतं. "भाभी, पाठवा. मी अडवणार नाही. पण आधी ऐका. आम्ही पाकिटं पुन्हा तपासून घेतली. अकरा वनस्पती आहेत. त्यातली एकच अशी आहे, की जास्त पोटात गेली तर पोटॅशियम उतरतं, अंगातली ताकद जाते. पण पाकिटात ती चिमूटभर असते. चिमटीने एवढं होत नाही. आणि पाकिटं तर बंदच आहेत. डॉक्टर म्हणतात, अजून कुठून तरी जातंय ह्यांच्या पोटात. कुठून, तेच कळत नाही."

"कसली वनस्पती?"

"आपल्याकडेही असते. ज्येष्ठमध."

  यम्नाने दोनदा विचारलं, "अम्मी? सेंड?" ते रुकय्याला ऐकूच गेलं नाही.

अलीमियाँने डोळे मिटूनच पेला पुढे केला.  "रुकय्या, अजून घोटभर दे गं. आज छान गोड झालाय."

तिने तो पेला त्याच्या हातातून काढून घेतला. मग वाकून पलंगामागचा थर्मास ओढला आणि संपदाच्या मांडीवर ठेवला.

"ह्यात मूठभर असतं," ती म्हणाली.