तेविसावं कातडं

तोतारामने कातडं दोन्ही हातांत धरलं, पायाखाली एक टोक दाबलं आणि ताणलं. फाटलं नाही. आडवं धरून ताणलं. तरी फाटलं नाही. मग त्याने बायकोला हाक मारली. धुरपदाबाईच्या हातात एक टोक देऊन दोघांनी मिळून ओढलं. धुरपदाबाईचा पाय सरकला, पण कातडं जसंच्या तसं.

"टिकनं वो!" ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

सहा वर्षांतलं हे तेविसावं.

साळिंदराचं कातडं कुणी कमावत नाही. पिंपळनेरच्या पलीकडच्या जंगलात भिल्ल साळिंदर मारत, मांस खात आणि कातडं फेकून देत. काटे उपटले की त्याची चाळण होते आणि जरा ओढलं की ओल्या कागदासारखं फाटतं. तोतारामला हे बापाने सांगून ठेवलं होतं. पण १९३३ साली देवपूरचे रुपचंद मास्तर तेच कातडं मागायला आले. मास्तर धुळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवत. कातडं पोचवायला तोताराम त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं नाही. घरात नेलं, टेबलाशी उभं केलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायला सांगितला. तोवर कुठल्याच शिकलेल्या माणसाने तोतारामला आपला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"हे गाईचं कातडं," मास्तर म्हणाले. "तंतू बघ, बाजेच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेत. सरस निघतो तो यांच्यातूनच, आणि कातडं टिकतं तेही यांच्यावरच. आता हे साळिंदराचं बघ."

तोतारामला काट्याच्या मुळाशी खोल खळगा दिसला आणि त्याच्याभोवती विरळ, सैल धागे.

"हे ज्याला कमावता येईल ना, तोताराम, त्याचं नाव पुस्तकात छापून येईल."

विहिरींवर तेव्हा इंजिनं येऊ लागली होती. चामडी मोटा शिवायचं त्याचं काम आज ना उद्या संपणार, हे त्याला दिसत होतं. तो या कातड्यामागे लागला. वर्षाला तीन-चार कातडी मिळत. कधी चुना कमी करून बघितला, कधी बाभळीऐवजी तरवडाची साल घेतली, कधी हिरड्यात महिनाभर भिजत ठेवलं. दरवेळी फाटलं. फाटलेलं घेऊन तो मोटारीने देवपूरला जाई. मास्तर त्याचे पातळ पापुद्रे कापून काचेवर ठेवत, बराच वेळ बघत आणि म्हणत, "थोडक्यात हुकलं बघ. पुढचं टिकेल." तेवढ्यावर तोताराम घरी येऊन पुन्हा कुंडात हात घाली. गावाने मोटांचं काम त्याच्या मेव्हण्याला, चुडामणला, देऊन टाकलं. धुरपदाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. "बठ्ठा गाव तुमले हासस," एवढंच ती एकदा म्हणाली. त्यानंतर तेही म्हणाली नाही.

यंदा त्याने काटे उपटलेच नाहीत. बुडाशी कापले, मुळं कातड्यातच राहू दिली आणि चुन्याला हातही लावला नाही. आणि टिकलं.

दुसऱ्या दिवशी तो कापडी पिशवी घेऊन देवपूरला पोचला. मास्तरांकडे पुण्याचे एक प्राध्यापक आले होते. मास्तर चहाचं सांगायला आत गेले होते. दारात उभ्या तोतारामला बघून प्राध्यापकच उठले.

"तुम्हीच तोताराम ना? ती सगळी कातडी तुमचीच. तुमच्यामुळे फार मोठं काम झालं."

तोतारामचा ऊर भरून आला. "झालं नव्हतं साहेब, पन आता..."

"झालंच म्हणा की! पुढच्या महिन्यात पुस्तक छापून येईल. साळिंदराचं कातडं कमावता येत नाही हे सगळेच म्हणतात. पण का येत नाही, हे तंतू दाखवून कुणी सिद्ध केलं नव्हतं. रुपचंदरावांनी पहिली चार कातडी बघूनच मला लिहिलं होतं, की हे कधीच जमणार नाही. मीच म्हणालो, चारांनी भागायचं नाही, कमावताना फाटलेली आणखी पंधरा तरी हवीत."

"कोनत्या साली लिहिलं म्हनले, साहेब?"

"तेहेतीस साली."

तोतारामने चौकटीला हात टेकला. वर्षानुवर्षं चुन्याने खाल्लेल्या बोटांना चौकटीचं लाकूड जाणवत नव्हतं.

मास्तर बाहेर आले. दोघांचे चेहरे बघून काय झालं ते त्यांना कळलं. त्यांनी तोतारामला ओट्यावर नेलं. आवाज चढवला नाही, उलट लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले, "सांगितलं असतं तर तू थांबला असतास, तोताराम."

एवढी वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर त्याने घर पणाला लावलं, तो माणूस समोर उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत लाज नव्हती. काळजी होती. ती तोतारामची नव्हती. मास्तर त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत होते.

"यंदाचं काय झालं रे?" मास्तरांनी हळूच विचारलं.

तोतारामने पिशवीचं तोंड मुठीत आवळून धरलं.

"फाटी गयं, मास्तर."

आणि रुपचंद मास्तरांचा चेहरा आनंदाने उजळून निघाला.