डासाचं माहेर

शेजारच्या ओवीला डेंग्यू झाला. ताप, डोळ्यांमागे ठणका, अंगभर पुरळ. कुमुदताईंनी तिच्या बापाच्या, हणमंतच्या, नावाने खडे फोडले. गच्चीतले जुने टायर त्याचेच.

आरोग्यसेविकेने ओवीच्या खोलीतला डास यंत्रात घातला. हल्ली डास कुठल्या पाण्यात जन्मला, तेही कळायचं. "मातीचं भांडं, बाजरी, चिमणीचं पीस," तिने कुमुदताईंच्या दारात येऊन वाचलं.

चिमण्यांच्या पाण्याचं तसं भांडं फक्त कुमुदताईंच्या खिडकीत होतं.

"मी रोज पाणी घालते त्यात," त्या पुटपुटल्या.

"वरून भर घालता. ओतून, घासून कधी? अंडी काठाला चिकटून राहतात, ताई."

कुमुदताईंनी भांडं काथ्याने खसखसून घासलं आणि शेजारची बेल वाजवली.

दार हणमंतनेच उघडलं. त्या काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "कालच टायर काढले हो, काकू. चुकलंच माझं."